चौथी खेप

वकीलबाईंइतकं शांतपणे भांडणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. भोरला त्यांच्या खोलीत पहिल्यांदा गेलो आणि रागानं टेबलावर हात आपटला. त्यांनी चहाचा कप उचलून धरला. "अजून एकदा आपटा, मग खाली ठेवते."

माझी बहीण सुमन नवऱ्याच्या खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात होती. पासलीला सासरी नवरा कोयता घेऊन अंगावर आला, तिनं त्याच्या डोक्यात मुसळ घातलं. आणि वर शेजारणीकडे पळत जाऊन बोलून बसली, "म्या मारलं!"

"त्या एका शब्दानं ती जन्मभर आत जाईल," मी म्हणालो.

"शब्द मराठीच आहे ना? मग बघू."

पुण्याच्या कोर्टात शेजारणीची साक्ष झाली. बाईंनी विचारलं, "नवरा सुमनला काय करायचा?"

"रोज मारायचा की!"

"मग ती रोज मरायची का?"

"न्हाई वो! मारायचा म्हंजी बडवायचा."

बाई खाली बसल्या.

माझ्या साक्षीची तयारी मात्र त्यांनी छळून करून घेतली. सुमन माहेरी पळून आली की मी चार माणसं बसवायचो, मेव्हण्याकडून शब्द घ्यायचो आणि तिला परत पोचवायचो.

"किती वेळा?"

"दोनदा म्हणू."

"म्हणू?"

"बरं, तीनदा. आता शेवटचं."

त्या हसल्या. मला घासाघिशीत हसलेलं खपत नाही.

कोर्टात त्यांनी धंदा विचारला. म्हणालो, "तांदळाचा. कापूरहोळला दुकान हाय."

"तांदूळ खराब निघाला तर परत घेता?"

"घेतो की! नाव हाय आपलं."

"आणि बहीण परत आली की?"

भर कोर्टात! कान तापले माझे. सुमन आरोपीच्या पिंजऱ्यातून बघत होती.

"चार येळा माघारी धाडली, साहेब," मी म्हणालो. "चौथ्या खेपेला ती पाया पडत हुती."

जीव वाचवायला केलेला वार, असं ठरवून न्यायाधीशांनी सुमनला सोडलं. बाहेर मी बाईंवर ओरडलो, "माझी पार अब्रू घालवली!"

"चौथी खेप मला सुमननं सांगितली होती," त्या म्हणाल्या. "तुमच्या तोंडून हवी होती."

गेल्या वर्षी वकीलबाई वारल्या. माफी न मागताच गेल्या. तो राग माझा अजून आहे.

परवा मार्गासनीचा एक ओळखीचा दुकानात आला. लेक सासरहून निघून आलेली. "तुमी बोलनीत पक्कं. जरा मिटवून तिला पोचवू या."

"कितव्यांदा आलीय?"

"दुसऱ्यांदा म्हनू."

"म्हणू?"

काट्यापाशी बसलेली सुमन हसली. तिनं तांदूळ मोजायचं थांबवलं.