इंजिनानं एअर पकडली तो रविवार

माझ्या नवऱ्याचं सगळं आयुष्य डिझेल इंजिनांत गेलं. साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये तो जनरेटरची आणि पंपांची इंजिनं उघडून बसायचा. त्याच्या शेजारच्या लेथवर त्याचा मित्र. हा मित्र खाडीपलीकडच्या जुन्या गावठाणातला, ख्रिस्ती कोळ्याच्या घरातला. दोघं दिवसभर इंजिनं दुरुस्त करायचे आणि सुट्टीच्या दिवशी भेटले की पुन्हा इंजिनांबद्दलच बोलायचे. आमच्या बोरिवलीच्या घरात दोघांना चहा देता देता मला नोझल, प्लंजर, गव्हर्नर असे शब्द पाठ झाले होते. अर्थ मात्र कशाचाच कळत नव्हता.

निवृत्त झाल्यावर मित्रानं त्याच्या काकांची जुनी मासेमारीची होडी ताब्यात घेतली. काकांचं वय झालं होतं आणि पुढच्या पिढीत जाळं टाकणारं कोणी उरलं नव्हतं. मित्रानं जाळी काढून टाकली, आत बसायला फळ्या ठोकल्या आणि वर ताडपत्रीचं छप्पर घातलं. दोन सिलिंडरचं जुनं डिझेल इंजिन दोघांनी मिळून उघडलं, धुतलं, पुन्हा बांधलं. मग दर रविवारी आम्ही तिघं खाडीतून बाहेर पडायचो आणि किनारा धरून उत्तनच्या बाजूला हळूहळू जायचो. कुठे पोचायची घाई नसायची. मित्राची बायको होडीत बसत नसे, तिला बोट लागायची. पण डब्यात ती फुगे, म्हणजे मैद्याचे तळलेले गोल मऊ पाव, आणि सुक्या बोंबलाची चटणी भरून द्यायची. मी छपराखाली पाय पसरून बसायची, आणि मागे या दोघांचा वाद चालायचा.

"आवाज बघ. पहिला सिलिंडर ठोकतोय."

"ठोकत नाय रे, थंड आहे तो. जरा गरम होऊ दे."

"तुझं सगळंच गरम झाल्यावर बरं होतं!"

असं छान चाललं होतं आणि एका सकाळी माझ्या नवऱ्याच्या हातातून चहाचा कप सुटला. मला वाटलं, निसटला. त्याच्याकडे बघितलं तर तोंड एका बाजूला ओढलं होतं. तो माझ्याकडे बघत होता आणि काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होता, पण तोंडातून नुसता आवाज येत होता. हॉस्पिटलमध्ये वेळेवर पोचलो म्हणून जीव वाचला. उजवा पाय हळूहळू सावरला, हात अर्धवट. बोलणं मात्र गेलं.

समोरच्याचं त्याला सगळं कळत होतं, हे डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. शब्द आतमध्ये आहेत, फक्त सापडत नाहीत. बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक तरुण मुलगी घरी यायची. फार गोड मुलगी. ती चित्रांची कार्डं दाखवायची. कप, छत्री, केळं. "काका, हे काय आहे?" तो चित्राकडे बघायचा, ओठ हलवायचा, मग मान खिडकीकडे वळवायचा. आयुष्यभर लोक ज्याला विचारायला यायचे, त्याला केळ्याचं नाव सांगता येत नव्हतं. त्याचे डोळे भरायचे आणि मी स्वयंपाकघरात जायची.

मित्र रोज संध्याकाळी खाडी ओलांडून यायचा. बाकीचे लोक यायचे ते माझ्याशी बोलायचे, त्याच्यासमोर त्याच्याबद्दल. "काही फरक आहे का हो?" मित्र सरळ त्याच्यासमोर खुर्ची ओढायचा आणि इंजिनांबद्दल सुरू व्हायचा. दोघांच्या वाट्याचं तो एकटाच बोलायचा. "तू म्हणशील, व्हॉल्व्हचा गॅप चुकला. तर तसं नाय." मग वाद घालून स्वतःच हरायचा. मी दारातून बघायची. नवऱ्याच्या चेहऱ्यावर त्या अर्ध्या तासात जो रंग यायचा, तो दिवसभरात दुसऱ्या कशानं येत नव्हता.

पावसाळा संपून समुद्र शांत झाला तेव्हा मित्र म्हणाला, "वहिनी, याला होडीत नेऊया."

मी घाबरले. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, दमू देऊ नका आणि एकटं सोडू नका, बाकी खुशाल जा. मित्रानं होडीत हातवाली प्लास्टिकची खुर्ची दोरीनं घट्ट बांधली, तीही इंजिनाजवळ. भरतीला होडी जेट्टीच्या बरोबरीनं येते, ती वेळ साधून आम्ही दोघांनी त्याला धरून आत घेतलं आणि लाइफ जॅकेट चढवलं. इंजिन सुरू झालं तेव्हा त्यानं डावा हात पुढे करून इंजिनाच्या कव्हरवर ठेवला. तो हात त्यानं काढलाच नाही. खाडीकाठच्या पॅगोडाचा सोनेरी कळस मागे पडला, खाडीचं तोंड आलं, बाहेरचा वारा लागला. बोलला काहीच नाही. पण त्या दिवशी तो पोटभर जेवला आणि दुपारी गाढ झोपला. मला तेवढंही खूप होतं. मग आम्ही पुन्हा दर रविवारी जायला लागलो.

अशाच एका रविवारी किनाऱ्यापासून बऱ्यापैकी आत असताना इंजिनाचा आवाज बदलला. एकदम वाढायचा, मग खाली बसायचा, पुन्हा वाढायचा. मग दोन आचके देऊन इंजिन बंद पडलं. इतकी शांतता झाली की होडीच्या पोटाला लागणारं पाणी ऐकू यायला लागलं.

मित्रानं नांगर टाकला. टाकी बघितली, डिझेल भरपूर होतं. हॅण्डल मारून बघितलं, इंजिन नुसतं फिरत राहिलं. "आता काय झालं हिला?" तो घाम पुसत म्हणाला.

तेवढ्यात माझा नवरा खुर्चीत पुढे झुकला. तोंड वेडंवाकडं झालं, मानेच्या शिरा ताणल्या आणि तो म्हणाला, "ए... एअर."

मी ताडकन उठले. "काय? काय म्हणालास?"

"एअर. एअर!"

मला वाटलं, याचा श्वास अडकला. मी लाइफ जॅकेटचे पट्टे ओढले, शर्टाची बटणं सोडायला लागले, त्याची छाती चोळायला लागले. "मोठा श्वास घे, हळू, हळू," असं काहीबाही बोलत होते. तो डाव्या हातानं मला बाजूला ढकलत होता आणि मी आणखी घाबरत होते.

मागून मित्र ओरडला, "वहिनी! त्याला नाय ओ, इंजिनाला! इंजिनानं एअर पकडलीय!"

मी वळून बघितलं. मित्र हॅण्डल हातात धरून उभा होता, तोंडानं हसत होता आणि डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं.

डिझेलच्या पाइपात हवा शिरली की इंजिनाला डिझेल पोचत नाही आणि ते बंद पडतं, हे मला त्या दिवशी समजलं. मित्रानं फिल्टरवरचा एक स्क्रू ढिला केला आणि छोटा पंप दाबत राहिला. स्क्रूमधून आधी फेस आला, मग बुडबुडे, मग स्वच्छ धार. स्क्रू आवळला, हॅण्डल मारलं, इंजिन सुरू झालं. थोडं पुढे गेलो आणि पुन्हा बंद.

"हवा शिरते कुठून?" मित्रानं विचारलं. खरंच विचारलं, पूर्वी वर्कशॉपमध्ये विचारायचा तसं. आणि थांबला. मीही थांबले. होडी डुलत होती.

"पा... पाइप," नवरा म्हणाला आणि डावं बोट टाकीकडे गेलं. टाकीला जोडलेला रबरी पाइप टोकाशी तडकला होता. मित्रानं तडकलेला तुकडा कापला, पाइप पुन्हा चढवून क्लिप आवळली आणि परत एकदा हवा काढली. परतीच्या वाटेवर इंजिन एकदाही अडखळलं नाही. मी नवऱ्याचा हात धरून बसले होते आणि मनातल्या मनात सगळ्या देवांची नावं घेत होते, मित्राच्या देवाचंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मी हे त्या मुलीला सांगितलं, तर ती खुर्चीतच उडाली. "काकू, मग आपण तेच शिकू ना!" तिनं मित्राकडून इंजिनाच्या भागांचे फोटो मागवले आणि नवी कार्डं केली. छत्री आणि केळं पिशवीत गेली. पाना, नोझल, फिल्टर, पट्टा, असे शब्द एकेक करून परत आले. त्यांच्या मागून हळूहळू घरातले शब्द आले, पण सरमिसळ होऊन. कितीतरी दिवस तो चहाला डिझेल म्हणत होता. "डिझेल दे," म्हटलं की मी चहा ठेवायची. एकदा मला हाक मारायची होती, तर तोंडातून आलं, "गॅस्केट!" त्याला स्वतःलाच कळलं आणि तो खजील झाला. मित्र म्हणाला, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. गॅस्केट फुटलं तर अख्ख्या इंजिनाची वाट लागते." आम्ही तिघं इतके हसलो की शेजारीण बघायला आली. आजारपणानंतर आमच्या घरात तसं हसणं पहिल्यांदाच झालं होतं.

एकदा मी मित्राचे आभार मानायला गेले. नीट शब्द जुळवून ठेवले होते. त्यानं मला अर्ध्यावरच तोडलं. "आभार कसले? रिटायर झाल्यावर मी घरी इंजिनाचा विषय काढला की बायको म्हणते, गप बस. हा पण गप बसला असता तर मी कोणाशी बोललो असतो?" तो हे गमतीत म्हणाला, पण त्याच्या बायकोनं मला नंतर सांगितलं की स्ट्रोकची बातमी कळली त्या दिवशी तो होडीत जाऊन एकटाच बसला होता, जेवायलाही आला नव्हता.

आता माझा नवरा बोलतो. सावकाश बोलतो, एखादा शब्द हरवला की डोळे मिटून शोधतो, आणि आम्ही वाट बघतो. उजव्या हातात जोर नाही, म्हणून सुकाणू डाव्या हातानं धरतो. या हिवाळ्यात आम्ही उत्तनपर्यंत गेलो. तिथे नांगर टाकून डबा उघडला. किनाऱ्यावर बोंबील वाळत घातले होते, त्याचा वास वाऱ्यावर येत होता. मला बऱ्याच दिवसांपासून एक विचारायचं होतं, म्हणून मी विचारलं, "डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, मग ते पेटतं कसं?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच असं काही विचारत होते. मग दोघं एकदम सुरू झाले. मित्र हात नाचवत समजावत होता, नवरा मधेच त्याला अडवत होता. "थांब... तसं नाही. मी... मी सांगतो." मित्र लगेच थांबला. नवऱ्यानं डाव्या हातात एक फुगा घेतला, तो मुठीत दाबला आणि शब्द शोधत शोधत म्हणाला, "हवा... दाबली... की तापते." मित्र पुढे झुकून ऐकत होता. मी हातातला घास तसाच ठेवून ऐकत होते. सांगून पूर्ण व्हायला बराच वेळ लागला, आणि ऊन पाठीवर छान लागत होतं.