माळवदाची परवानगी

काकांच्या नगरमधल्या बंगल्याचा नकाशा मी काढला, हे मी आपणहून कुणाला सांगत नाही. कुणी विचारलंच तर विषय पाऊसपाण्यावर नेतो. मी मुळात कमी बोलणारा. त्यातून या बंगल्याच्या परसातल्या मातीच्या खोलीपायी माझं इतकं कौतुक झालं की खरं सांगायची वेळच निघून गेली. आता काका नाहीत, काकूही नाही. म्हणून लिहितो.

सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. काकांची मार्केट यार्डात आडत होती आणि धंदा चांगला चालला होता. त्यांना मूल नव्हतं, मला त्यांनीच वाढवलं. पुण्याहून ड्राफ्ट्समनचा कोर्स करून आलो, तर काका दारातच म्हणाले, "प्लॉट घेतलाय. आता असा बंगला काढ, का मानसानं सायकलवरनं उतरून बघितला पायजे. अन् तुझ्या काकूला उन्हाचा तरास व्हता कामा नये. तिला ऊन सोसत न्हाई."

दोन्ही एकदम जमणं कठीण होतं. मी सायकलवाल्यांचं मनावर घेतलं.

काकूचं मागणं एकच होतं. "बंगला तुमचा तुमी काढा. माझ्या खोलीवर तेवढं माळवद टाका. तुळया मी आनते." आणि तिनं आणल्या. कर्जतकडच्या आमच्या शेताच्या बांधावरची बाभळ तोडून घेतली, कांद्याच्या ट्रकवर घातली आणि प्लॉटवर आणून टाकली.

माळवद म्हणजे लाकडाच्या तुळया, त्यावर फळ्या, त्यावर निरगुडीचा पाला आणि वर वीतभर पांढरी माती. खाली बसलं की चैत्र-वैशाख बाहेरच्या बाहेर जातो. मला हे कुणी शिकवायला नको होतं, लहानपण त्याखालीच गेलेलं. पण वास्तुशांतीला पुण्याचे मित्र येणार होते. मोझॅकची फरशी, रस्त्याकडे म्हणजे बरोबर पश्चिमेला भिंतभर काचेच्या खिडक्या, फोमचा सोफा, आणि मागे मातीचं छप्पर? मी म्हणालो, "काकू, नगरपालिका माळवदाला परवानगी देत नाही."

मी नगरपालिकेची पायरीसुद्धा चढलो नव्हतो.

"त्यांला मातीचं काय वावडं?"

"नियम आहे."

नियम म्हटलं की आमच्याकडे बोलणं संपतं. सगळीकडे स्लॅब पडला. तुळया परसातल्या कडुलिंबाखाली पडून राहिल्या.

वास्तुशांत झोकात झाली. लोक सायकलवरून उतरले. मित्रांपैकी एकच आला, जेवला आणि पुढची गाडी गाठायला निघून गेला. छताकडे त्यानं मान वर करूनही पाहिलं नाही.

मग उन्हाळा आला. दुपारी दोननंतर ऊन काचेतून आत शिरायचं आणि सोफ्यावर पाहुण्यासारखं बसायचं. काका डोक्यावर ओला पंचा घेऊन दिवाणखान्यात फेऱ्या मारत. "सायकलवाले उतरत्यात खरं," ते म्हणत, "पन आत या म्हनलं तर एक येत न्हाई." एका गोष्टीत मात्र स्लॅबनं नाव काढलं. सकाळी घातलेल्या कुरडया दुपारपर्यंत कडकडीत. गल्लीतल्या बायका पाट्या घेऊन जिना चढू लागल्या. "वाळवनाला असं घर न्हाई बाई दुसरं," त्या म्हणत, आणि काकू माझ्याकडे न बघता मान डोलवायची.

पहिला उन्हाळा कसाबसा निघाला. पुढचा दुष्काळाचा आला. काकांनी स्लॅबवर संध्याकाळी पाणी मारायला सुरुवात केली, ती काकूनं दोन दिवसांत बंद पाडली. "मानसं खडी फोडाया लागलीत. हंड्याभर पान्याला कोसभर चालत्यात. अन् आपुन सिमिटाला पाजायचं?" तिनं आपली गोधडी उचलली आणि लिंबाखाली त्या तुळयांवर नेऊन टाकली. दिवसभर ती तिथंच. येणाऱ्याजाणाऱ्याला काका सांगत, "बंगला आमचा. बायको लिंबाची."

एके दुपारी ती लिंबाखालून आत आली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच चक्कर येऊन बसली. तळपायाला कांदा चोळला, पन्हं पाजलं, तासाभरानं सावरली. पण काकांची थट्टा तिथं संपली. "उद्या मी सवता नगरपालिकेत जातो. मातीला परवानगी कशी देत न्हाईत ते बघतो. तू चल संगं. नियम तुला पाठ हाय."

काका आडतीवर गेल्यावर मी काकूपाशी जाऊन बसलो आणि सांगून टाकलं.

तिनं हातातली लिंबाची काडी मोडली.

"मातीची लाज वाटली व्हय रं?"

"हो."

"त्या एका दोस्तापायी? चार पोळ्या खाल्ल्यान् त्यानं. तूप बी मागून घेतलं. अन् हाताला चव हाय म्हनून बोलला न्हाई." मग म्हणाली, "ह्यांला सांगू नगं. आडतीवर उठता-बसता तुझं कवतिक चाललेलं असतं. त्यांला सांग, मी जाऊन आलो, परवानगी मिळाली. अन् चिखुल तू तुडवायचा."

त्या दिवशी मी पहिल्यांदा नगरपालिकेत जाऊन विचारलं. हरकत काहीच नव्हती.

परसात दगडमातीची खोली उठली. अंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी साठवून चिखल केला. मी लेंगा गुडघ्यापर्यंत खोचून उतरलो. काकू पाटावर बसून होती. "टाचंनं दाब. नाचतोस काय नुसता?" कुंपणापलीकडे लोक सायकलवरून उतरून बघत होते.

काकू त्या खोलीत गेली ती कायमची. दुसऱ्या दिवशी काकांची गादी गेली, चौथ्या दिवशी फोन. पाहुणेही थेट परसातच येऊ लागले. काका तुळयांकडे बोट दाखवून प्रत्येकाला सांगत, "नियमात बसत नव्हतं. आमच्या पोरानं परवानगी काढली." मग यार्डातले लोक माझ्याकडे येऊ लागले, आमच्याही माळवदाचं तेवढं जमवा म्हणून. त्यांना खरं सांगितलं तर ते काकांच्या कानावर जाणार. मी "बघतो" म्हणायचो आणि आठवड्यानं "झालं" म्हणायचो. लोक पेढे आणून द्यायचे. ते पेढे मी खाल्ले आहेत.

दर वर्षी मृगाच्या आधी माळवदावर नवी पांढरी माती मीच पसरायचो. काकांना त्याचंही अप्रूप.

काकांच्या अखेरच्या उन्हाळ्यात डॉक्टर तपासायला आले. खोलीत पाऊल टाकताच म्हणाले, "इथं किती गार आहे हो." काकांना बोलवत नव्हतं, तरी उशीवरून मान उचलून माझ्याकडे बघत म्हणाले, "परवानगीची खोली हाय."

डॉक्टरांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं. आता सांगावं, म्हणून मी तोंड उघडलं. तेवढ्यात काकूनं माठातून तांब्या भरून माझ्या हातात दिला.

"पानी पी आधी."

मी प्यालो. काका समाधानानं माळवदाकडे बघत पडून होते.