आर्डलीच्या इंजिनाचा रंग

माणसाची किंमत करायला ग्वेंडा पॉलिटला फार वेळ लागत नसे, आणि बहुतेकांची किंमत ती कमीच करी. इंग्लंडमधल्या ननीटन गावच्या बाजारात एका लोकरीच्या दुकानात तिची उमर गेली होती. कुणी अर्धवट विणलेला स्वेटर घेऊन येई, लोकर कमी पडलेली असे, आणि ग्वेंडा फळीवरच्या लडींतून नेमकी तीच छटा ओढून काढी. “दोन्ही हिरव्याच आहेत की,” असं एखादं गिऱ्हाईक म्हणालं, तर ती त्याच्याकडे असं बघे की ते बिचारं ओशाळून गरज नसताना बटणंही घेऊन जाई.

तिचा नवरा सेड्रिक बस डेपोत मेकॅनिक होता. त्याला वेड जुन्या आर्डली गाड्यांचं. आर्डलीचा कारखाना केव्हाच बंद पडला होता, पण त्या गाड्या जिवापाड जपणाऱ्यांचा एक क्लब होता आणि सेड्रिक त्याचा सभासद होता. त्याच्या हातात एक विद्या मात्र खरी होती. ती डिस्ट्रिब्युटरची. प्रत्येक प्लगला वेळेवर ठिणगी पोचवणारा इंजिनाच्या कुशीतला तो मुठीएवढा डबा सेड्रिक नुसता कानांनी तपासायचा. “बुश झिजलाय, दांडा डुलतोय,” म्हणायचा, आणि उघडून बघावं तर तसंच असायचं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तो जळके पॉइंट घासायचा, ढिल्या स्प्रिंगा बदलायचा. मेलेली गाडी त्याच्या हातून पहिल्या झटक्याला चालू व्हायची.

पण डिस्ट्रिब्युटरचं काम असतं त्याच्या झाकणाखाली. बॉनेट उघडलं की लोकांच्या डोळ्यांत भरतो तो इंजिनाचा रंग. आणि क्लबातल्या बड्या मंडळींना गाडी चालवायची नसायचीच. ती ट्रेलरवर चढवून मैदानात आणायची, बॉनेट उघडून शेजारी घडीच्या खुर्च्या टाकायच्या, अंड्याची सँडविचं खायची आणि दिवसभर एकमेकांच्या इंजिनांना नाकं मुरडायची. तिथे ठिणगीला कोण विचारतो?

सेड्रिकला मान हवा होता, म्हणून तो रंगाकडे वळला. आता याला काय म्हणावं? ज्या माणसाला हिरवा आणि तपकिरी एकच दिसतो, त्यानं रंगाचा जाणकार व्हायचं ठरवलं! लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात तो एका पायात हिरवा आणि दुसऱ्यात तपकिरी मोजा घालून कामावर निघाला होता, तेव्हाच ग्वेंडाला ते कळलं होतं. “कुणाला सांगू नकोस हं,” तो म्हणाला होता. तिनं सांगितलं नाही. नवऱ्याची अब्रू म्हणून नव्हे. सांगावं इतकी किंमत असलेला माणूस तिला भेटला नाही, म्हणून.

एकदा एका सडक्या आर्डलीच्या इंजिनामागची पत्र्याची पट्टी सेड्रिकनं काढली. तिच्या आतल्या बाजूला कारखान्यातला मूळ रंग जसाच्या तसा होता. ग्वेंडानं ती पट्टी खिडकीपाशी नेऊन पाहिली.

“शेवाळी. त्यात राखाडीचं एक बोट.”

“नक्की?”

“मला विचारतोस? मग तूच सांग ना!”

तिनं सुपाच्या रिकाम्या डब्यात तो रंग कालवून दिला. सेड्रिकनं तो क्लबात नेला आणि वर्षभरात तो रंगाचा पंच झाला. प्रदर्शनात तो एकेका इंजिनावर वाकायचा, डोळे बारीक करायचा, हुंकार भरायचा. ग्वेंडा मागे उभी. “चहा घ्यायचा का रे?” असं ती म्हणाली की रंग चुकलेला. “वारा सुटलाय,” म्हणाली की बरोबर. लोकांना वाटायचं, बाईला तहान फार आणि थंडीही फार. कुणाला कधी शंकाही आली नाही. इतकी डोकी एका मैदानात, आणि सगळी टोपी घालण्यापुरतीच, असं ग्वेंडा मनात म्हणायची.

हे बरीच वर्षं चाललं. मग क्लबाच्या वार्षिक जेवणात सेड्रिकला चांदीचं तबक मिळालं. तो भाषणाला उभा राहिला. ती सडकी गाडी देणाऱ्याचे आभार मानले, रंगाच्या दुकानदाराचे मानले, अध्यक्ष ऑब्री टेम्पल्टन यांचे तर दोनदा मानले. कुणीतरी ओरडलं, “आणि बायकोचे?”

“ग्वेंडाचे?” सेड्रिक हसला. “ती सँडविचांसाठी येते हो! तिला विचाराल तर सगळी इंजिनं सारखीच.”

सगळं दालन हसलं. ग्वेंडानं पुडिंगचा शेवटचा घास शांतपणे खाल्ला. घरी परतताना ती एवढंच म्हणाली, “यापुढे तुझे रंग तूच बघ.”

त्याला वाटलं, दोन दिवसांत राग जाईल. पण ग्वेंडाला राग आलाच नव्हता. राग यायला समोरच्याबद्दल काही वाटावं लागतं. त्या हिवाळ्यात सेड्रिकनं स्वतःच्या गाडीचं इंजिन रंगवायला काढलं. डबे घेऊन तो तीनदा स्वयंपाकघराच्या दारात आला आणि तीनदा परत गेला. ती विणत होती. शेवटी त्यानं स्वतःच रंग कालवला.

उन्हाळ्यातल्या प्रदर्शनात त्यानं बॉनेट उघडलं. आत इंजिन नव्हे, रविवारच्या भाजलेल्या मांसावर ओततात ती ग्रेव्हीच जणू थिजून बसली होती. ठार तपकिरी. भोवतीची माणसं वाकून बघू लागली. सेड्रिकनं ग्वेंडाकडे पाहिलं. ती मांस भरलेली पेस्ट्री खात कुंपणापलीकडच्या मेंढ्या बघत होती.

मग ऑब्री टेम्पल्टन खाकरले. “हं! हाच तो! इतकी वर्षं आपण चुकत होतो, मंडळी. सेड्रिकनं शेवटी खरा रंग शोधून काढला.”

“मला कधीचा संशय होताच,” एक निवृत्त दंतवैद्य म्हणाला.

“तो हिरवा जरा भडकच वाटायचा,” दुसऱ्यानं मान डोलावली.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत अख्ख्या क्लबानं इंजिनं तपकिरी करून घेतली. ग्वेंडा त्या रांगेतून फिरली तेव्हा तिला हसूही आलं नाही. हसायलासुद्धा ही माणसं पुरेशी नव्हती.

त्याच दिवशी एडना क्लटरबक आली. वय झालेली, भाचीच्या आधारानं चालणारी. तरुणपणी आर्डलीच्या कारखान्यात इंजिनांवर रंगाचा फवारा मारायचं काम तिनं केलं होतं. ती सेड्रिकच्या गाडीपाशी थांबली.

“अगंबाई, हे काय? आम्ही तर हिरवा मारायचो. महिनोन्महिने माझ्या नखांतून जायचा नाही.”

“आजीबाई, तुम्हाला आता कुठून आठवणार!” टेम्पल्टन मोठ्यानं म्हणाले. “तुम्ही बागेचा बाक वगैरे रंगवला असेल.” भोवतीचे फिदीफिदी हसले. म्हातारीचा चेहरा पडला. ती खरंच आठवू लागली, आपणच चुकलो की काय म्हणून.

ग्वेंडा खुर्चीतून उठली.

“तिचं बरोबर आहे. माझ्या नवऱ्याला हिरवा आणि तपकिरी वेगळा दिसत नाही. कधीच दिसला नाही. आजवर रंग मी सांगत होते. आणि तुमचे तर डोळे धड असून तुम्ही ही ग्रेव्ही फासून घेतलीत! त्याला दिसत नाही, तुम्हाला दिसून उपयोग नाही.”

मग टेम्पल्टननी सेड्रिकच्या खांद्यावर हात ठेवला. “घरी काही बिनसलंय का रे? बायकामाणसांना हल्ली असं होतं.” आणि मंडळी समजूतदारपणे आपापल्या खुर्च्यांकडे वळली. कुणीही विश्वास ठेवला नाही. ठेवला असता तर पुन्हा इंजिन रंगवावं लागलं असतं.

एडनाला मात्र ग्वेंडानं हाताला धरून चहाच्या तंबूत नेलं. दोघी बराच वेळ रंगांबद्दल बोलत बसल्या. ग्वेंडाला त्या मैदानात भेटलेलं हे पहिलंच माणूस.

परतीच्या वाटेवर सेड्रिकनं विचारलं, “खरंच तपकिरी आहे?”

“ग्रेव्ही.”

“तू सांगितलं का नाहीस?”

“मला सगळी इंजिनं सारखीच ना?”

त्याचे कान लाल झाले. पुढे बऱ्याच अंतरावर तो हळूच म्हणाला, “ते मी बोलायला नको होतं.” ग्वेंडानं खिडकीकडे वळवलेलं तोंड सरळ केलं.

सेड्रिकनं पंचाचं काम सोडलं. तब्येतीचं कारण सांगितलं. खरं सांगायची छाती त्याला शेवटपर्यंत झाली नाही. टेम्पल्टन स्वतः पंच झाले. सेड्रिक पुन्हा डिस्ट्रिब्युटर घेऊन बसू लागला. ते काम चोख होतं, आणि तेवढ्यापुरतं ग्वेंडाला त्याच्याबद्दल बरं वाटे.

वसंतात तिनं स्वतः ब्रश घेऊन त्यांच्या आर्डलीचं इंजिन शेवाळी रंगवलं. प्रदर्शनात टेम्पल्टननी वाकून पाहिलं, हुंकार भरला आणि गुण कापले. कारण दिलं, रंग चुकीचा.

“ऐकलंस का?” सेड्रिक तिच्या कानाशी म्हणाला. “आपला चुकीचा.”

“गाढवाच्या हाती पट्टी दिली, तर ते लांबी मोजणार की पट्टी खाणार?” ग्वेंडा म्हणाली आणि तिनं बॉनेट धाडकन लावलं. पावसाचे ढग आले होते. ट्रेलरवर गाड्या चढवता चढवता बाकीच्यांची धांदल उडाली होती. सेड्रिकनं किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्याला चालू झाली, आणि दोघं फाटकातून बाहेर पडले.