सांभाळून न घेणारी ताई

सुमनताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी इंदापूरहून बारामतीला येणाऱ्या एसटीत होतो. रडू आलं नाही. ते आलं कॉलेजातल्या शोकसभेत, आणि तेही रागानं. माइकवरून कुणीतरी म्हणालं, "सगळ्यांना सांभाळून घेणारी बाई आपल्यातून गेली." सांभाळून? आमच्या ताई? मी उठून "खोटं आहे" म्हणालो, तर शेजारच्यानं दंडाला धरून खाली बसवलं. तिथं बोलू दिलं नाही, म्हणून इथं लिहितो.

आमच्या कॉलेजात दिव्यांग विद्यार्थ्यांची सोय बघणारी एक खोली आहे, जिन्याखाली. कऱ्हाटीच्या सुमनताई तिथं बसायच्या. लहानपणीच्या पोलिओमुळे त्यांच्या काखेत कुबडी असे. मी जन्मापासून आंधळा. पळसदेवहून वडील मला घेऊन आले आणि रडवेल्या आवाजात म्हणाले, "ताई, पोराला सांभाळून घ्या." "न्हाय घेणार," ताई म्हणाल्या. "पुस्तकं देईन, लेखनिक देईन, त्याच्यासाठी भांडीन. सांभाळून घ्यायला ते काय काचंचं भांडं हाय?" बाहेर आल्यावर वडील पुटपुटले, "लई फटकळ बाई हाय."

दुसऱ्या वर्षी अर्थशास्त्राच्या पेपरला मला लेखनिक मिळाला तो हुशार होता, आणि दयाळूही. मी सांगायचं, त्यानं लिहायचं. एका उत्तराला मी दोन वाक्यं सांगून अडलो. पुढचं काही आठवेना. पण पेन थांबेना... कागदावर खरखर चालूच. "काय लिहितोयस?" "तुझं राहिलेलं." मी आवाज चढवला, तसे पर्यवेक्षक कानाशी येऊन म्हणाले, "अरे, तुझ्याच भल्याचं आहे, गप बस." मी म्हणालो, ताईंना बोलवा. जिन्यावरून कुबडीची टकटक ऐकू आली तेव्हा कुठं जिवात जीव आला. "ह्यानं सांगितलेलं न्हाय, ते समदं काट," ताईंनी लेखनिकाला फर्मावलं. पर्यवेक्षक वैतागले, "अहो, नापास होईल तो!"

"झाला तर त्याचा तो होईल. तेवढा तरी हक्क हाय की त्याला!"

आणि झालो मी नापास. गावात जो तो ताईंना नावं ठेवू लागला. ताईंनी मला धीराचा एक शब्द दिला नाही. अख्खं पुस्तक वाचून माझ्या मोबाइलवर स्वतःच्या आवाजात भरून दिलं. मागणी-पुरवठा समजावता समजावता मधेच दटावणी... "झोप लागली व्हय? मागं जा, परत ऐक." पुढच्या परीक्षेला सुटलो. गुण बेताचेच होते, पण त्यातला एकही कुणी माझ्या पदरात टाकलेला नव्हता. अजूनही ते गुण मी मान ताठ ठेवून सांगतो.

पुढं मी त्याच खोलीत ताईंच्या हाताखाली कामाला लागलो. आता खोली माझ्याकडे आहे. परवा सुप्याहून एक गृहस्थ आपल्या अंध मुलीला घेऊन आले. अर्थशास्त्रच घ्यायचंय म्हणाले. मग तेच, "सर, पोरीला जरा सांभाळून घ्या."

"नाही घेणार," मी म्हणालो. मुलीच्या हातात माझा मोबाइल दिला, इअरफोन दिले आणि तिला ताईंच्या खुर्चीत बसवलं. बराच वेळ ती ऐकत बसली. तिचे वडील चुळबुळत होते. मग एकदम खुर्ची करकरली आणि पोरगी दचकून ओरडली,

"न्हाय हो ताई, जागी हाय मी!"