हळद वाळेपर्यंत

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नांदेडला डॉक्टर म्हणाले, "यांना कावीळ आहे आणि ती साधी दिसत नाही," तेव्हा मी दचकल्यासारखं केलं. दचकलो नव्हतो. सुमनच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, डोळ्यांतला पांढरा भाग पिवळा झालेला मी बरेच दिवस आधी पाहिला होता.

आम्ही हट्टा गावचे. शेतात हळद. ती निघाली की शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची. त्या दिवसांत आमच्याकडं सगळंच पिवळं असतं. हात, लुगडी, उशीची खोळसुद्धा. म्हणून सुमन पिवळी दिसायला लागली तेव्हा कामावरच्या बाया हसल्या. "सुमनबाई, पुन्हा नवरी झालीस व्हय गं?" तीही हसली. अंगाला खाज सुटायची, ती आम्ही हळदीच्या धुळीवर ढकलली.

एका सकाळी ती वाळवणाजवळ बसली होती. ऊन थेट तोंडावर. मी वाकलो आणि मला तिचे डोळे दिसले. धूळ कातडीला लागते, डोळ्यांतलं पांढरं रंगवत नाही, एवढं मला कळत होतं.

"काहून असं बघून राहिले?" तिनं विचारलं.

"काही न्हाई. धूळ बसली तोंडावर."

अर्धी हळद शिजायची होती. शिजवायचा बॉयलर गावात नंबरानं फिरतो. नंबर हुकला की पुन्हा वाट बघा. मी मनाशी म्हटलं, शिजली की दवाखान्यात जाऊ. मग म्हटलं, वाळली की. मग, पॉलिश झाली की.

पॉलिश झाली तेव्हा कुठं मी तिला म्हटलं, तुझे डोळे पिवळे दिसतात, आणि नांदेडला नेलं. तिथं रक्त तपासलं. बिलिरुबिन, म्हणजे रक्तातलं पिवळं द्रव्य, फार वाढलेलं. मग सोनोग्राफी, मग सीटी स्कॅन. बाकावर बसून मी नखांतली हळद कोरत राहिलो, निघाली नाही. डॉक्टरांनी सांगितला तो शब्द कोलँजिओकार्सिनोमा. म्हणजे पित्ताच्या नळीचा कॅन्सर. गाठीनं वाट अडवली म्हणून पित्त रक्तात चढलेलं. ऑपरेशन होण्यासारखं राहिलं नव्हतं.

"आधी आणलं असतं तर?" मी विचारलं.

"हा आजार उशिराच कळतो. जमलं असतं की नसतं, छातीवर हात ठेवून नाही सांगता येणार."

हे उत्तर मला अजून पुरत नाही.

ईआरसीपी केली. तोंडातून दुर्बीण आत सोडून अडलेल्या नळीत स्टेंट, म्हणजे बारीकशी नळी, बसवतात. केमो सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, "स्टेंट तुंबला की डोळे पुन्हा पिवळे होतील. रोज सकाळी उजेडात बघत जा."

तेव्हापासून रोज बघतो. घरात देवाला हात जोडायची ती. मी दारातूनच चपला घालून शेतात जायचो. आता सकाळी तिची हनुवटी धरून तिला उजेडाकडं वळवतो. डोळे पांढरे दिसले की आपोआप हात जोडले जातात. कुणाला जोडतो ते माहीत नाही.

"म्हातारपणी काय डोळ्यांत डोळे घालायला लागले हो!" ती म्हणते. मी हसतो.

पाडव्याला उलट्या होत असतानाही तिनं कडुनिंबाचा कोवळा पाला चावला. कोवळा आहे, गोडच लागतो म्हणाली. भादव्यात तिला धरून बांधावर नेलं. तिनं हळदीची पानं बाजूला सारली, तर आत फूल. पांढरट, टोकाला गुलाबी. इतकी वर्षं मी हळद लावतो. ते फूल दिसलं असेल, पाहिलं नव्हतं. आम्ही बराच वेळ तिथं उभे राहिलो. ती निघू देईना. मार्गशीर्षात पानं पिकून पिवळी पडायला लागली, तसा मी तिकडं बघायचं सोडलं. ती मात्र पायरीवर बसून बघायची. म्हणायची, "वर वाळतं तेव्हाच खाली भरतं."

यंदा हळद निघाली ती भावकीनं शिजवली. मी नांदेडात होतो. स्टेंट तुंबला होता, बदलून आणला. या वेळी उशीर केला नाही. त्यानं मागचं फिटत नाही. तिचं वजन उतरत चाललंय. पुढची हळद ती बघेल का, मी विचारत नाही, डॉक्टरही बोलत नाहीत.

हळदीच्या घरांतल्या माणसांनो, हात पिवळे असू द्या, डोळे बघा. लघवी गडद, शौच पांढरट, अंगाला खाज, भूक मेलेली, असं दिसलं तर काम तिथंच टाका. हळद चार दिवस थांबली तरी चालते.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सुमन सांगते, "ह्यांनीच वळखलं. न्हाई तर मला कुणी दवाखान्यात नेलं असतं?" मी खाली मान घालून ऐकतो. लोक म्हणतात, नवरा असावा तर असा.

मी आधीच पाहिलं होतं आणि गप्प बसलो, हे तिला सांगायचं राहिलंय. ती ऐकू शकते तोवर मला ते सांगायचंय.