चौकोनी कंसातले बोंबील

आमच्या ऑफिसात जेवणाचं आमंत्रण कंसात यायचं. दुपारी मॅन्युअलताई डबा उघडायच्या आणि मला म्हणायच्या, "बस जेवाला. भात, कालवन, चौकोनी कंसात बोंबील." चौकोनी कंसात म्हणजे हवं असेल तर घ्या, सक्ती नाही. मी तेव्हा कसल्याशा हौसेने मासे सोडले होते. ते त्यांनी फार मनाला लावून घेतलं होतं, पण नियम म्हणजे नियम. बोंबील माझ्यापासून वीतभर लांबच राहायचे.

आमची छोटी कंपनी उरणच्या कंटेनर यार्डांना डेटाबेसचं सॉफ्टवेअर विकते. मी किहीमची, रेवसहून लाँच पकडून करंजाला उतरायचं आणि कामावर जायचं, हा माझा रोजचा प्रवास. मी प्रोग्रॅम लिहायचे. तो कसा बसवायचा, कुठली आज्ञा कशी टाइप करायची, याचं पुस्तक, म्हणजे मॅन्युअल, ताई लिहायच्या. त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी कानावर पडायचं. त्या पुस्तकाचं पहिलं पान, 'या पुस्तकातील खुणा', म्हणजे ताईंचा जीव की प्राण. बाकीचं पुस्तक आम्ही खुशाल चिवडावं, या पानाला मात्र कोणी बोट लावायचं नाही.

त्या पानाचं सार त्या एका दमात सांगायच्या. "टोकेरी कंसातलं तुजं, भायेरचं माजं. माज्याला हात लावाचा नाय." म्हणजे पुस्तकात <तुमचे_घर> असं दिसलं, की तिथे आपण सॉफ्टवेअर ज्या फोल्डरात बसवलं त्याचा पत्ता घालायचा आणि उरलेली ओळ जशीच्या तशी टाइप करायची. चौकोनी कंसातलं हवं तर. उभी रेघ आली की तिच्या दोन बाजूंपैकी एकच काहीतरी निवडायचं. हे सगळं त्या इतक्या गंभीरपणे सांगायच्या की नवीन माणूस पाणी मागायलाही बिचकायचा.

फोल्डरांच्या नावांवर तर त्यांची करडी नजर. माझ्याकडे 'नवीन', 'नवीन_खरं' आणि 'एकदम_शेवटचं' अशी तीन फोल्डरं सापडली, तेव्हा यातलं शेवटचं नक्की कधी संपणार, असं त्यांनी मला सगळ्यांदेखत विचारलं. मी घाबरून 'उरण_ऑफिस' असं शहाण्यासारखं नाव दिलं, तर तेही नापास. "जागेचं नाव द्याचं नाय," त्या म्हणाल्या. "जागा उद्या हलंल, नाव तसंच चिकटून रवंल."

मग एका यार्डातल्या हेडक्लार्कने घोळ घातला. पुस्तकात <तुमचे_घर> होतं, त्याने इमानदारीत तेच टाइप केलं. कॉम्प्युटर कंस घेईना, तेव्हा त्याने कंस काढले, 'तुमचे_घर' नावाचं फोल्डर केलं आणि यार्डाचा सगळा डेटा त्यात नेऊन ठेवला. आमचे शेठ ते बघून आले आणि म्हणाले, ताई, तुमचं ते पान कोणी वाचतच नाही, पुढच्या आवृत्तीत काढून टाकू. त्या दुपारी ताईंनी डबा उघडला नाही. संध्याकाळी त्या शेठच्या केबिनमध्ये गेल्या आणि पान नव्याने लिहायला महिन्याची मुदत मागून आल्या. लोकांनी वाचलं तर राहील, नाही तर जाईल, असं ठरलं.

त्याच महिन्यात त्यांच्या भावाच्या मुलाची हळद आली. आमंत्रणाचा मेसेज अर्थातच ताईंनी लिहिला: 'हळदीला यावे [सहकुटुंब]. जेवण: मटण | चिकन.' आम्हा ऑफिसवाल्यांना सगळं नीट कळलं. नातेवाइकांकडे मात्र आग लागली. एक काका रुसले, की आमचं कुटुंब कंसात का टाकलं? आणि आगऱ्यांच्या हळदीत मटण किंवा चिकन, यातलं एकच मिळणार, ही बातमी तर पनवेलपर्यंत गेली. ताईंच्या भावाला तोंड दाखवायला जागा उरली नाही. बिचारा मांडवाच्या तोंडाशी हात जोडून उभा राहिला आणि आल्यागेल्याला सांगत सुटला, "दोनी हायत, पोटभर जेवा. रेघ भैनीची हाय, जेवन माजं हाय."

ताई माझ्या शेजारी उभ्या राहून हे ऐकत होत्या. मला वाटलं, आता भावाचं काही खरं नाही. पण त्या हळूच म्हणाल्या की बघ, याने एका वाक्यात सांगितलं आणि सगळ्यांना कळलं. माझ्या पानात हे का नाही?

सोमवारी नवं पान तयार होतं. त्याची सुरुवात होती, 'समजा, तुमच्या घरी हळद आहे.' उभी रेघ म्हणजे मटण किंवा चिकन, दोन्ही मागू नये. चौकोनी कंस म्हणजे सहकुटुंब, आणलं तर आनंद. टोकेरी कंस म्हणजे नवरदेवाचं नाव. ते तुमच्या नवरदेवाचं घाला, आमच्याचं नको. शेठनी ते मोठ्याने वाचलं, पोट धरून हसले आणि पान राहू द्या म्हणाले. त्या हेडक्लार्कने त्याची प्रत यार्डाच्या भिंतीवर चिकटवली. त्या दिवशी ताईंचा डबा दुप्पट मोठा होता.

पुढच्या वर्षी मिठागराच्या कडेचं ताईंचं राहतं घर रस्तारुंदीकरणात गेलं. त्या बोर्ली पंचतनला, बहिणीच्या शेजारी राहायला निघाल्या आणि तिथून रोज उरण काही जमणारं नव्हतं. शेवटच्या दिवशी त्या कपाट आवरत होत्या आणि मला रडू आवरत नव्हतं. एवढं बांधलेलं घर गेलं, तुम्हाला काही वाटत नाही का, असं मी विचारलं. त्यांनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. "वाटतं गो," त्या म्हणाल्या. "पन जागा हलली. घर मी घेऊन चाललो."

दोन महिन्यांनी त्यांचा मेसेज आला. 'घरभरणी आहे. यावे सहकुटुंब.' मी तो पुन्हा वाचला. सहकुटुंबच्या अलीकडे-पलीकडे काहीच नव्हतं. नवरा म्हणाला, एवढ्या लांब सगळ्यांनी कशाला, तू एकटी जाऊन ये. मी त्याला म्हटलं, कंस नाहीत, सगळ्यांनी जायचंय.

आम्ही गेलो. सासूबाईसुद्धा आल्या. ताईंनी पंगतीत मला बसवलं आणि काही न विचारता पानात दोन बोंबील वाढले. मी मुकाट्याने खाल्ले.