कूलरमागचा काळा-पिवळा पाहुणा

मंडळी, आज सकाळी कूलरची वाळ्याची खस काढली, तर मागे काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा बोटाएवढा जीव! फोटो काढून नेटवर शोधला. युरोपातला फायर सॅलॅमँडर निघाला म्हणे! त्याला ओलावा लागतो, म्हणून टबात ओली खस अंथरली. पण तो सारखा काठावर चढायचा.

शेजारचे सर्पमित्र वसंतभाऊ आले नि ओरडलेच, "काहून गा, हिले भिजवून राहिला? नखं पाह! सॅलॅमँडरले नखं नसतात. ही आपल्या रानातली पाल आहे, कोरड्यात राहणारी."

कोरड्या विटेवर ठेवली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच पापण्या मिटल्या. पालीला पापण्या! घरातल्या पालींना तर त्या नसतात.

वसंतभाऊंनी तिला घरामागच्या वाडीतल्या दगडांत सोडलं. सातासमुद्रापारची समजून जिचं कौतुक केलं, ती वाडीत माझ्याही आधीपासूनची. पाहुणा मीच. तुमच्या कूलरमागे कोण राहतं?